आगम आणि भोग : खांदेरीच्या बेटाचा वाद

जमिनीच्या तंट्यांत आपल्या धर्मशास्त्रकारांनीं दोन गोष्टी मुख्य मानिल्या आहेत. एक आगम, म्हणजे खरेदी, दान, वारसा इत्यादि हक्काचें मूळ. आणि दुसरी भोग, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. याज्ञवल्क्याचें मत असें कीं, आगम हा भोगाहून बळकट खरा. तथापि ज्या आगमामागें वहिवाटीचा लेशही नाहीं, तो दुबळाच समजावा. आमच्या म्हसा-मुरबाडकडे वरकस जमिनीच्या एखाद्या तुकड्यावरून दोन घरांचें बोलणें बंद होतें, तेव्हां पंचही शेवटीं हेंच विचारतात कीं, कागद कोणाचा आणि नांगर कोणाचा? राज्याराज्यांमधील तंटे याहून फारसे निराळे नसतात. याचें उत्तम उदाहरण आपल्याच कोंकणपट्टींत घडलेलें आहे.

मुंबई बंदराच्या तोंडाशीं, दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी व उंदेरी अशीं दोन खडकाळ बेटें आहेत. त्यांवर ना भाताचें शेत, ना बाजारपेठ. परंतु मुंबईस येणारें-जाणारें प्रत्येक गलबत खांदेरीवरून दिसतें, आणि एवढ्यावरूनच त्या खडकास मोल आलें. जंजिऱ्याच्या सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत इंग्रजांच्या आश्रयानें मुंबईस नांगर टाकून राही व उघडीप होतांच मराठी किनारा लुटी. त्यास पायबंद घालावा म्हणून शिवाजीमहाराजांनीं १६७२ सालीं खांदेरीवर किल्ला बांधण्याचा प्रयत्न केला. पण इंग्रज व सिद्दी आडवे आल्यामुळें तो त्या वेळीं तसाच राहिला.

पुढें १६७९ च्या ऑगस्टांत, ऐन पावसाळा असतांना, मायनाक भंडारी सुमारें १५० माणसें व ४ तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. मुंबईकर इंग्रजांनीं हरकत घेतली कीं, हें बेट मुंबईच्या मालकींत मोडतें. त्यांचा आगम काय? तर १६६१ च्या विवाहाच्या तहान्वयें पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास दिली, व १६६८ त ती कंपनीकडे आली. परंतु मुंबईबरोबर नेमकें काय काय दिलें, याविषयीं पोर्तुगीज व इंग्रज यांचेंच एकमत नव्हतें. शिवाय खांदेरीवर इंग्रजांचा एक पहारेकरीही कधीं राहिलेला नव्हता. मराठ्यांचें म्हणणें सरळ होतें: किनारा आमचा, त्यासमोरचा खडक आमचा, आणि आज त्यावर आमची माणसें उभीं आहेत.

१९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरूं लागला असतां मारला गेला. १८ ऑक्टोबरास दौलतखानाच्या ५० हून अधिक गलबतांनीं इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला करून 'डव्ह' हें जहाज पकडलें. मात्र 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढें मराठ्यांस माघार घ्यावी लागली. म्हणजे त्या दिवशींची लढाई इंग्रजांनीं जिंकली म्हणावी. तरी बेट त्यांस मिळालें नाहीं. कारण रात्रीच्या अंधारांत, उथळ पाण्यांतून, मराठ्यांच्या लहान होड्या धान्य व दारूगोळा बेटावर पोंचवीतच राहिल्या, आणि मोठ्या जहाजांस त्या आवरेनात.

या प्रकरणाची झळ समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या मुलुखासही लागली. मुंबईवर दाब बसावा म्हणून महाराजांनीं सुमारें ४००० फौज कल्याण-भिवंडीकडे पाठविली. वसईच्या पोर्तुगीजांनीं ठाण्याकडून वाट देण्याचें नाकारल्यामुळें ती पनवेलीकडे वळली. खर्चाला भ्यालेल्या कंपनीनें अखेर जहाजें काढून घेतलीं व १६८० च्या मार्चांत तह करून खांदेरीवरचा हट्ट सोडला. पुढें १७१८ त कान्होजी आंग्र्यांच्या वेळीं इंग्रजांनीं पुनः चाल केली, तीही व्यर्थ गेली. बेट इंग्रजांकडे गेलें तें पेशवाईबरोबर, १८१८ च्या सुमारास.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, बसेल त्याची जागा, हाच न्याय झाला. परंतु त्याच न्यायानें सिद्दी कासीम १६८० च्या जानेवारींत उंदेरीवर जाऊन बसला! मग सुमारें ८० वर्षें हीं दोन बेटें तोफेच्या टप्प्यांत एकमेकांवर डोळे वटारून राहिलीं. या वैराची किंमत कोणीं दिली? थळच्या कोळ्यांनीं व काठावरच्या कुणब्यांनीं. त्यांस ना आगम विचारला गेला, ना भोग.

जगाचा अनुभवही याहून वेगळा नाहीं. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील मिंकिये व एक्रेओ या खडकांचा वाद १९५३ सालीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें आला. मध्ययुगीन तहांपेक्षां तेथें कर कोणीं घेतला, कज्जे कोणीं चालविले, यास न्यायाधीशांनीं अधिक वजन दिलें आणि खडक इंग्लंडास मिळाले. कच्चतीवूच्या बाबतींत रामनाडच्या जमीनदारीचे कागद आपल्या बाजूनें पुढें केले जात. तरी १९७४ च्या करारानें तें बेट लंकेचें ठरलें, आणि तेव्हांपासून त्या पाण्यांत अटकेची भीति वाहतो तो रामेश्वरचा कोळी.

आज खांदेरीस कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. १८६७ चा दीपस्तंभ तेथें उभा आहे, आणि वेताळाचें ठाणें कोळी बांधव श्रद्धेनें जपतात. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर खांदेरीचें नांव जागतिक वारशाच्या यादींत घातलें. हा आगम मोठा आहे, याबद्दल आनंद वाटणें स्वाभाविक होय. पण याज्ञवल्क्याचा दंडक येथेंही लागू आहे. तटावर उगवणारीं झाडें वेळींच काढणें, टांकीं स्वच्छ राखणें, तेथें जाऊन कचरा न टाकणें, आणि घरांतील मुलांस मायनाकाचें नांव सांगणें, हीच आतां आपली वहिवाट. ती चुकली, तर यादींतलें नांव नुसता कागद होऊन राहील.