विखुरलेले रुग्ण, एकच जंतू

अन्नातून होणाऱ्या विषबाधेचे उद्रेक स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. लग्नाच्या पंगतीत, वसतिगृहाच्या खानावळीत किंवा आश्रमशाळेत जेवलेली शंभर माणसे एकाच रात्री उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात तेव्हा उद्रेक झाला आहे हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि शोधही बहुधा त्या दिवशीच्या चार-पाच पदार्थांपुरताच असतो. दुसरा प्रकार मोठे कारखाने, शीतगृहे आणि दूरवरचे वितरण यांनी जन्माला घातलेला असून त्यात एका कारखान्यातला दूषित माल हजारो दुकानांत पोचतो, तो खाणाऱ्यांपैकी अगदी थोडे आजारी पडतात, आणि तेही वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या आठवड्यांत, एकमेकांना न ओळखणारे. प्रत्येक डॉक्टरच्या लेखी तो एक सुटा रुग्ण असतो. अशा सुट्या रुग्णांमधला संबंध उघड करण्याचे सर्वांत धारदार साधन म्हणून गेल्या काही वर्षांत रोगजंतूंच्या संपूर्ण जीनोमचे क्रमनिर्धारण, म्हणजे कोविडच्या काळात वृत्तपत्रांनी घरोघरी पोचवलेले ‘जीनोम सिक्वेन्सिंग’, पुढे आले आहे. या साधनाची ताकद मोठी आहे. मात्र ते रुग्णाला रुग्णाशी जोडते, पदार्थाचे नाव सांगत नाही, हे बातम्यांत बहुतेक वेळा हरवते.

या कामाची संस्थात्मक पायाभरणी अमेरिकेतील एका प्रकरणाने झाली. १९९३ साली ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांच्या साखळीतील अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू चार राज्यांत पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार बालके दगावली. रुग्णांचे जंतू आणि मांसातले जंतू एकच आहेत हे प्रयोगशाळेत दाखवता आले खरे, पण अशी तुलना सर्व राज्ये एकाच पद्धतीने आणि रोजच्या रोज करत असती तर उद्रेक लवकर ध्यानात आला असता, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, चार राज्यांच्या प्रयोगशाळांना बरोबर घेऊन ‘पल्सनेट’ हे जाळे उभारले. आज त्यात ऐंशीहून अधिक प्रयोगशाळा आहेत.

पल्सनेटच्या नावातला ‘पल्स’ हा पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस या तंत्रावरून आला असून पुढची वीस-बावीस वर्षे या जाळ्याचा सारा कारभार त्याच तंत्रावर चालला. जिवाणूचा डीएनए इतका लांब आणि नाजूक असतो की द्रावण नळीतून ओढले तरी तो तुटतो. त्यामुळे अख्खे जिवाणू ॲगारोज या शैवालापासून काढलेल्या पदार्थाच्या छोट्या वडीत थिजवून त्यांची आवरणे जागच्या जागी विरघळवीत, ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच कापणारे विकर त्या वडीत मुरवीत, आणि कापलेले तुकडे दिशा बदलत्या विद्युतक्षेत्रात अठरा-वीस तास सरकू देत. लहान तुकडे पुढे जात, मोठे मागे रेंगाळत, आणि रंग देऊन अतिनील प्रकाशात धरलेल्या जेलवर दुकानातल्या मालावरील बारकोडसारख्या आडव्या रेषांचा एक नमुना उमटे. दोन राज्यांतल्या रुग्णांचे नमुने जुळले की चौकशी सुरू होई.

हे तंत्र कष्टाचे होते, पण त्याची खरी उणीव वेगळी होती. लाखो अक्षरांच्या मजकुरातून ते जेमतेम वीसेक रेषा दाखवी, आणि साल्मोनेला एन्टेरिटिडिससारख्या सर्रास आढळणाऱ्या जंतूत तर देशभरातल्या नमुन्यांचा फार मोठा हिस्सा एकाच रेषानमुन्याचा निघे. परिणामी असंबद्ध रुग्ण एका गटात पडत आणि खरा उद्रेक त्या गर्दीत दडून राही.

संपूर्ण जीनोमच्या वाचनाने ही अडचण दूर झाली. या कामाची सुरुवात आजही जुन्याच रीतीने, तबकडीतल्या पोषक माध्यमावर जिवाणू वाढवून होते. त्यातल्या एका वसाहतीतून डीएनए काढला जातो, त्याचे काहीशे अक्षरांचे तुकडे केले जातात, तुकड्यांच्या टोकांना ओळखीचे कृत्रिम डीएनए जोडले जातात आणि ते यंत्रातल्या काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रत्येकाच्या असंख्य प्रती केल्या जातात. मग यंत्र एका वेळी एकच अक्षर जोडत जाते. ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांना वेगवेगळी चमक मिळेल अशी योजना असल्याने दर फेरीनंतर कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रातून कोणत्या तुकड्यात कोणते अक्षर बसले ते कळते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या जिवाणूचा जीनोम सुमारे तीस लाख अक्षरांचा आहे आणि त्यातली प्रत्येक जागा अनेकदा वाचली जाते, जेणेकरून यंत्राची एखादी चूक उत्परिवर्तन म्हणून गणली जाऊ नये.

वाचलेल्या जीनोमची तुलना दोन रीतींनी होते. एकीत दोन जंतूंमध्ये किती जागी एकेक अक्षर बदलले आहे ते मोजतात. दुसरीत त्या जातीच्या जवळपास सर्व जंतूंत आढळणाऱ्या जनुकांची यादी घेऊन प्रत्येक जनुकाच्या प्रत्येक वेगळ्या रूपाला क्रमांक देतात आणि किती जनुकांची रूपे वेगळी आहेत ते पाहतात. लिस्टेरियासाठी पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पुढाकार घेऊन आखलेल्या योजनेत अशी १,७४८ जनुके आहेत. याहून ढोबळ अशी सात जनुकांवर आधारलेली जुनी वर्गवारीही वापरात असून तिच्यातल्या गटांना ‘एसटी’ आणि क्रमांक अशी नावे असतात. अमेरिकेत २०१३ पासून लिस्टेरियाच्या सर्व नमुन्यांचे जीनोम वाचण्याचा प्रयोग सुरू झाला, इंग्लंडने २०१४ मध्ये साल्मोनेलासाठी ही पद्धत नित्याची केली, आणि पल्सनेटने जुलै २०१९ मध्ये जुन्या जेलला कायमचा निरोप दिला.

किती फरकापर्यंत दोन जंतू ‘एकच’ मानावेत, याला मात्र सर्वमान्य रेषा नाही आणि ती असावी असा आग्रहही शास्त्राला धरून नाही. लिस्टेरिया शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो, कारखान्याच्या मोऱ्यांत, पट्ट्यांच्या सांध्यांत आणि यंत्रांच्या फटींत चिकट थर करून वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने आजारी पडलेल्या दोघांचे जंतू जवळपास सारखे निघू शकतात. ‘ब्लू बेल’ आइस्क्रीमच्या २०१५ मधील प्रकरणात नेमके हेच उपयोगी पडले. साउथ कॅरोलायनात नित्याच्या तपासणीत आइस्क्रीममध्ये लिस्टेरिया सापडला आणि मग त्याच्याशी जुळणारे रुग्ण शोधण्यात आले. कॅन्सासच्या एका रुग्णालयात इतर आजारांसाठी दाखल असलेल्या आणि तिथेच त्या आइस्क्रीमचे मिल्कशेक प्यायलेल्या रुग्णांपर्यंत धागा पोचला; संग्रहातल्या जुन्या नमुन्यांशी पडताळा घेतल्यावर थेट २०१० पर्यंतचे रुग्ण त्यात निघाले. एकूण चार राज्यांतले दहा रुग्ण, त्यांतले तिघे मृत: एवढी लहान संख्या इतक्या वर्षांत विखुरलेली असताना केवळ डॉक्टरांच्या सावधपणावर ती कधीच एकत्र आली नसती.

याच्या उलट जर्मनीतील २०११ चा उद्रेक. ई. कोलाय ओ१०४:एच४ या जंतूने तिथे साडेतीन हजारांहून अधिक लोकांना ग्रासले आणि पन्नासहून अधिक मृत्यू झाले. हॅम्बुर्गचे विद्यापीठ-रुग्णालय आणि चीनची बीजीआय संस्था यांनी जूनच्या सुरुवातीलाच या जंतूचा जीनोम वाचून जगासमोर खुला केला, आणि आतड्याला चिकटून राहणाऱ्या एका वाणात शिगा विष तयार करणारे जनुक शिरले आहे, हे त्यातून कळले. पण लोकांनी खाल्ले काय, हे जीनोम सांगू शकत नव्हता, आणि दरम्यान स्पॅनिश काकड्यांवर नाहक आळ येऊन तिथल्या शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले होते. कोड्याचे उत्तर मिळाले ते उपाहारगृहांतील पाककृती, जेवणाची बिले आणि मालाच्या पावत्या यांच्या चिकाटीच्या ताळ्यातून: दोषी ठरली ती लोअर सॅक्सनीतील एका शेतावर मोड आणलेली, इजिप्तहून आलेली मेथी. त्याच बियाण्याच्या खेपेतून फ्रान्समधील बोर्दोजवळही रुग्ण निघाल्यावर हा निष्कर्ष पक्का झाला, जरी त्या बियांत तो जंतू प्रत्यक्ष कधीच सापडला नाही.

जीनोम आणि चौकशी यांची सांगड कशी बसते, ते दक्षिण आफ्रिकेत सर्वांत ठळकपणे दिसले. जुलै २०१७ मध्ये जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया येथील दोन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात शिशू विभागांतल्या डॉक्टरांनी लिस्टेरियाचे रुग्ण वाढल्याचे राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला, म्हणजे एनआयसीडीला, कळवले. गर्भवतीला हा आजार साध्या तापासारखा वाटू शकतो, पण जंतू वारेतून गर्भापर्यंत पोचतो. या साथीतही दर पाच रुग्णांतले सुमारे दोन एक महिन्याच्या आतले होते. जीनोम वाचल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक नमुने एकाच, एसटी-६ या गटातले निघाले, म्हणजे उगमही बहुधा एकच होता. तो कोणता हे विचारायचे तर लिस्टेरियाची लक्षणे दिसायला सत्तर दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले हे कोण सांगणार? तरीही मुलाखत दिलेल्या १०९ रुग्णांपैकी ९३ जणांनी प्रक्रिया केलेले, थेट खाण्याजोगे मांस खाल्ले होते, आणि त्यात पोलोनी सर्वांत पुढे होती. पोलोनी म्हणजे बारीक वाटलेल्या मांसाचा, जाड नळीत भरून शिजवलेला स्वस्त सॉसेज. चकत्या करून तो मुलांच्या डब्यातल्या पावात जातो, आणि जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत पाव पोखरून बटाट्याच्या चिप्ससह भरल्या जाणाऱ्या ‘कोटा’तही.

जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली नऊ मुले ताप आणि जुलाबांनी क्रिस हानी बारागवानाथ रुग्णालयात आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञाला अन्नाची शंका आली, आरोग्य निरीक्षक पाळणाघरात पोचले आणि त्यांनी फ्रिजमधली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोलोनी उचलली. एका मुलाच्या शौचात आणि दोन्ही पोलोनींत एसटी-६ सापडला. इथेच थांबले असते तर दोन्ही कंपन्या सारख्याच दोषी ठरल्या असत्या. पण उघड्या पाकिटातला जंतू शेजारच्या पाकिटात सहज जातो, हे ओळखून तपास कारखान्यांपर्यंत नेण्यात आला. ‘एंटरप्राइझ’च्या पोलोक्वाने येथील कारखान्यात, जिथे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञही पथकाबरोबर होते, घेतलेल्या स्वॅबपैकी किमान सोळांत एसटी-६ निघाला, दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात लिस्टेरिया होता, पण एसटी-६ नव्हता. जीनोमचे अंतिम निकाल हाती येताच ४ मार्चला आरोग्यमंत्री ॲरन मोत्सोआलेदी यांनी उगम जाहीर केला, माल परत मागवण्यात आला आणि रुग्ण झपाट्याने घटले. तोवर आणि त्यानंतर मिळून जुलैच्या मध्यापर्यंत १,०६० रुग्ण आणि २१६ मृत्यू नोंदले गेले. लिस्टेरियाची जगातली ही सर्वांत मोठी ज्ञात साथ आहे.

दक्षिण आफ्रिकेत हे शक्य झाले कारण रुग्णांच्या रक्तातून जंतू वाढवून ते राष्ट्रीय संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था तिथे होती. प्रगत देशांत आता नेमकी हीच कडी सैल होऊ लागली आहे: शौचातला जंतू तासाभरात ओळखणाऱ्या नव्या चाचण्या रुग्णाच्या सोयीच्या असल्या तरी त्यांतून जिवंत जंतू हाती येत नाही, म्हणून अशा चाचणीत जंतू आढळल्यावर पुन्हा संवर्धन करून नमुना पाठवावा यासाठी पल्सनेटच्या प्रयोगशाळांना धडपडावे लागते. भारतात अडचण त्याही आधीची आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साप्ताहिक यादीत अतिसार आणि अन्न विषबाधेचे उद्रेक सतत असतात, पण ते प्रामुख्याने पंगतीच्या प्रकारातले, आपण होऊन उघडे पडणारे. जीनोम वाचणारी यंत्रे तर आहेत. डिसेंबर २०२० मध्ये कोविडसाठी स्थापन झालेल्या ‘इन्साकॉग’ या जाळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन्ही संस्था पहिल्यापासून होत्या. मात्र तालुक्याच्या दवाखान्यात जुलाबाच्या रुग्णाला सलाइन आणि प्रतिजैविक देऊन घरी पाठवले जाते, शौचाचा नमुना संवर्धनासाठी क्वचितच जातो, आणि लिस्टेरिया तर मोठ्या रुग्णालयांतही फारसा शोधलाच जात नाही.