पैसेवारीत न मावणारी तूट

मराठवाडा आणि सोलापूर या अवर्षणप्रवण मुलखात हस्ताचा पाऊस सरून काळ्या, खोल जमिनीला वाफसा आला म्हणजे शाळू पेरावयाचा, मध्ये करडईच्या ओळी टाकावयाच्या, आणि पुढे मुरलेल्या ओलाव्यावर व थंडीच्या दवावर पीक आपोआप पोसले जावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यातून मिळणाऱ्या ज्वारीने कणग्या व पेवे भरत, करडई घाण्यावर जाऊन वर्षाचे तेल येई आणि कडब्याच्या गंज्यांवर जनावरे उन्हाळा काढीत. खरिपातही बाजरी-ज्वारीत तुरीचे, मुगा-उडदाचे इरवाड असल्याने एक पीक हुकले तरी दुसऱ्याचा आधार राही. ही समृद्धी मुळीच नव्हती; परंतु पावसाच्या लहरीपणाचा अर्धाअधिक मार शेतातच झेलला जाई, चुलीपर्यंत पोहोचत नसे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या मिश्र शेतीची जागा फार मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. याबद्दल शेतकऱ्याला दूषण देणे मला अन्यायाचे वाटते; जे पीक साडेतीन महिन्यांत हाती येते आणि दिवाळीच्या तोंडावर रोकड देते, त्याकडे कर्जाच्या हप्त्याने गांजलेला मनुष्य वळणारच. मात्र सोयाबीन घरच्या ताटात येत नाही. ते विकावयाचे आणि आलेल्या पैशातून धान्य, डाळ, तेल विकत आणावयाचे, अशी नवी व्यवस्था झाली; आणि नेमक्या याच काळात पावसाची चालही पालटत गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. दुसऱ्या बाजूस २०२३ चा ऑगस्ट हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा भरण्याच्या ऐन वेळी असा खंड पडला तर दाणा बारीक राहतो. आणि काढणीच्या सुमारास झड लागली तर उभ्या पिकाच्या शेंगांना कोंब फुटतात, वाफसा लांबतो व शाळूची पेरणीही हुकते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना व अन्य नद्यांच्या पुराने तर पिकाबरोबर जमीनही खरडून नेली, आणि खरवडलेल्या जमिनीवर पुन्हा माती येण्यास एक हंगाम पुरत नाही.

अशा वर्षी घरात काय घडते? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, म्हणून उपासमार टळते, आणि हे श्रेय लहान नव्हे. पण ते धान्य बहुधा गहू-तांदूळच. डाळ, तेल, दूध यांची भरपाई त्यात नाही. कडबा नाही म्हणून म्हैस बाजारात जाते, तीही पडत्या भावाने, कारण त्या आठवड्यात सर्वांच्याच म्हशी बाजारात असतात. मग डाळ पातळ होते, आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तीही बेताचीच येते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाड ऊसतोडीला निघते.

या तुटीची मोजदाद सरकारदरबारी होत नाही. महसूल खाते पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आले याचा अंदाज, काढते; ती पन्नास पैशांच्या आत आली की जमीनमहसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती इत्यादी सवलती लागू होतात. तलाठी पंचनामा करतो, तोही पिकाचा. १९७२ च्या दुष्काळात, ज्याची आठवण जुन्या मंडळींना लाल मिलो आणि सुकडी यांच्या चवीसह आहे, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने प्रश्नाचे मर्म अचूक ओळखले होते: गावात धान्य असले तरी ते घेण्याइतकी मजुरी कुटुंबाच्या हाती हवी. पुढे १९७७ च्या कायद्याने तो हक्क झाला. परंतु आजची नुकसानभरपाई हेक्टरावर मोजली जाते आणि सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावे जमा होते. ज्याने ते शेत बटाईने कसले, किंवा ज्या मजूर बाईची सोयाबीन काढणीची मजुरी त्याच पावसात बुडाली, त्यांची नावे पंचनाम्याच्या कागदावर येतच नाहीत.