फायबरग्लास होडीच्या सांगाड्याची पुनर्बांधणी

जुन्या फायबरग्लास होडीतील कुजलेले लाकडी आधार काढून त्या जागी नवे बसविण्याच्या कामास सांगाड्याची पुनर्बांधणी म्हणतात. फायबरग्लास स्वतः कुजत नाही. मात्र तळातील लांब तुळया आणि ‘ट्रान्सम’ ही मागील फळी यांच्या गाभ्यात बहुधा लाकूड किंवा प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपले की वरचे कवच धड दिसत असतानाच आतील लाकडाचा भुगा होतो. हातोडीने ठोकल्यास अशा जागी बद्द आवाज येतो.

या कामातील निर्णायक टप्पा तोडफोडीपूर्वीच येतो. तुळया काढल्यावर तळाचे पातळ कवच लवचीक होते व ज्या टेकूंवर ते विसावलेले असते त्यांच्याप्रमाणे वाकते. त्याच स्थितीत नवा सांगाडा चिकटविल्यास तो बाक कायमचा राहतो. तळ मागील बाजूस आत दबलेला राहिला, तर वेगात होडीचे नाक पाण्याकडे झुकते. बाहेर फुगलेला राहिला, तर ते वरखाली उड्या घेऊ लागते. म्हणून होडी समतल करून तिचा भार कण्याखाली घेतात आणि तळाच्या वळणाबरहुकूम कापलेले प्लायवूडचे आधार जागोजागी लावतात. ट्रेलरचे रूळ येथे अपुरे पडतात, कारण त्यांचा आधार मोजक्याच बिंदूंवर असतो. एका वेळी एकच तुळई बदलणे वेळखाऊ, पण अधिक सुरक्षित.

जुना थर घासून खरखरीत केल्याशिवाय नवा थर नीट धरत नाही. इपॉक्सी रेझिन महाग असले, तरी जुन्या थराला ते पॉलिएस्टरपेक्षा घट्ट चिकटते. रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत होडी टेकूंवरून हलवीत नाहीत.