सिमेंटच्या नक्षीचा वैरी

थंड देशांत बागांतील काँक्रीटचे पुतळे व कठडे हिवाळ्यात फुटतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि तो दाब सहन न होऊन कपचे उडतात. कोलकात्यात पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. तरीही बालीगंज, भवानीपूर येथील १९३० ते १९५० च्या सुमाराच्या घरांचे गोलाकार सज्जे व नक्षीदार कठडे तडकलेले दिसतात. असे का व्हावे?

वैरी पाणीच, त्याची रीत मात्र निराळी. काँक्रीट क्षारधर्मी असते, म्हणून आतील लोखंडी सळ्या सुरक्षित राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड छिद्रांतील ओलाव्यात विरघळून ही क्षारता घटवितो. मग सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. नक्षीचे भाग पातळ असल्याने तेथे हा अपाय लवकर पोहोचतो.

नव्या कामात मिश्रणात पाणी बेताचेच घालावे आणि किमान ७ दिवस काँक्रीट ओले ठेवावे. सज्ज्याला उतार द्यावा. खालच्या कडेस खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता गळून पडते. जुन्या कामात पिंपळाचे रोप उगवताच उपटावे, सळ्यांवरील गंज खरवडून मगच तडे बुजवावेत आणि वाफ बाहेर जाऊ देणारा लेप द्यावा. नुसता गिलावा चोपडल्यास गंज आत वाढतच राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात नक्षीचा तुकडा वाटसरूच्या डोक्यावर कोसळतो.