कोरडा वाफा दाखवणारे चित्र

पाय मोडल्याने तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये पडून असलेला माणूस सकाळी उठतो आणि न्हाणीघरापर्यंत जातानाच धापा टाकू लागतो. श्वास घेताना छातीत कळ येते. घरचे म्हणतात, पित्त झाले असेल, ओवा चावून खा. प्रत्यक्षात पोटरीच्या खोल नीलेत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या बाजूने पुढे गेलेली असते आणि फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली असते. यालाच ‘पल्मोनरी एम्बोलिझम’ म्हणतात. हे नाव आणि त्यामागची उकल एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी दिली.

ही गुठळी साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. साध्या सीटी स्कॅनमध्येही रक्त आणि गुठळी जवळजवळ एकाच करड्या छटेत मिसळून जातात. म्हणून दंडाजवळच्या शिरेतून आयोडिनयुक्त औषध, म्हणजे ‘डाय’, सेकंदाला चार-पाच मिलिलीटर वेगाने सोडतात. रुग्णाला अंगभर ऊब जाणवते, तोंडात धातूची चव येते. तंत्रज्ञाची नजर मात्र पडद्यावर, फुफ्फुसाच्या मुख्य धमनीवर ठेवलेल्या एका छोट्या वर्तुळावर असते. डाय तिथे पोचला की आलेख चढतो आणि त्याच क्षणी यंत्र फिरते. श्वास रोखायचा तो काही सेकंदच. डाय पोचण्याआधी किंवा पुढे निघून गेल्यावर चित्र घेतले, तर तपासणी वाया जाते.

चित्रात धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. एखाद्या फांदीत मध्येच करडा डाग दिसला, तर ती गुठळी. म्हणजे गुठळी ओळखायची ती डाय जिथे शिरू शकला नाही त्या जागेवरून. फ्रान्समधील लील येथे मार्टिन रेमी-जार्डिन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ही पद्धत यशस्वी करून दाखवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘पायोपेड-२’ अभ्यासात या तपासणीने गुठळी असलेल्या दर १०० पैकी ८३ रुग्णांतील गुठळ्या पकडल्या.

उरलेल्या सतरांचे काय? बारीक फांद्यांतल्या गुठळ्या नजरेतून निसटू शकतात. इथे ‘ड्युअल एनर्जी’ सीटी मदतीला येते. रानात पाणी धरणाऱ्याला पाटात अडकलेले ढेकूळ दिसले नाही, तरी कोरडा राहिलेला वाफा दिसतो. तसेच हे आहे. दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांना आयोडिन वेगवेगळा प्रतिसाद देते. त्या फरकावरून संगणक फक्त आयोडिनचा रंगीत नकाशा काढतो. रक्त न पोचलेला फुफ्फुसाचा भाग त्यात पाचरीच्या आकाराचा, काळा दिसतो. तो दिसला की डॉक्टर त्या भागाकडे जाणारी धमनी पुन्हा बारकाईने तपासतात.

याच्या पुढचे पाऊल ‘फोटॉन काउंटिंग’ सीटीचे. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. नेहमीच्या यंत्रात क्ष-किरणांचा आधी प्रकाश होतो, मग वीज. इथे कॅडमियम टेल्युराइडचा शोधक प्रत्येक फोटॉन थेट मोजतो आणि त्याची ऊर्जाही नोंदवतो. त्यामुळे चित्र अधिक रेखीव येते आणि क्ष-किरणांची मात्रा कमी ठेवता येते.

सीटी हृदयाची अवस्थाही सांगते. उजवा कप्पा डाव्यापेक्षा फुगलेला दिसला, तर धोका मोठा. अर्थात, प्रत्येक दम लागणाऱ्याला या यंत्रात घालायचे नसते. लक्षणे आणि ‘डी-डायमर’ ही रक्ततपासणी यांवरून अनेकांची सीटी टाळता येते. मूत्रपिंडाचा आजार, डायची ॲलर्जी किंवा गर्भारपण असेल, तर ते आधीच सांगायला हवे.

यंत्र कितीही पुढे गेले, तरी आधी कोणाला तरी गुठळीची शंका यावी लागते. ऑपरेशन, प्लॅस्टर, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, अचानक दम लागला, तर ओवा चावत घरी बसू नका. तडक रुग्णालय गाठा आणि प्लॅस्टरसारखी गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.