उणे पाच अंशांतली बालवाडी
(आमच्या सामुदायिक रेडिओवरील ‘लेकुरवाळी’ या सदरातील भाषण)



थंडी पडायला लागली की आपल्या घरांतून एकच आवाज सुरू होतो. “बाहेर जाऊ नकोस, गार वारं लागेल. कानटोपी घाल. दार लावून घे.” अंगणवाडीतही पोरांची संख्या रोडावते. सेविकाताई विचारायला आल्या तर आजी म्हणते, “एवढ्या हिवात कुठं पाठवू लेकराला?” आजीची काळजी खोटी नाही. पण जगाच्या पाठीवर असेही देश आहेत, जिथं पारा शून्याच्या खाली गेलेला असताना तीन-चार वर्षांची मुलं दिवसातले कितीतरी तास बाहेर, बर्फात खेळतात आणि आयाच त्यांना आपण होऊन तिथं पाठवतात. हे कसं जमतं, त्यात खरं किती, धोका किती आणि आपण त्यातलं काय घ्यायचं, हे आज समजून घेऊ.

युरोपच्या अगदी उत्तरेला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क हे देश आहेत. नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिथं डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. आणखी उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा निळसर उजेड पडतो, तेवढाच. अशा ठिकाणीसुद्धा बालवाडीतली मुलं रोज बाहेर जातात.

नॉर्वेत बालवाडीला ‘बार्नेहागे’ म्हणतात, म्हणजे मुलांची बाग. आपल्या ‘बालवाडी’ शब्दातली वाडीही तीच, झाडाझुडपांची. तिथं वर्षाच्या आतबाहेरच्या बाळापासून सहाव्या वर्षापर्यंतची मुलं असतात. २००९ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. आई-वडील दोघंही कामावर जातात, त्यामुळं मुलं सकाळपासून दुपारी चार-साडेचारपर्यंत तिथंच असतात. पाऊस असो की बर्फ, त्यातला काही वेळ अंगणात जातोच. काही बालवाड्या तर रानातच भरतात. मुलं टेकडीवरून घसरतात, काटक्या गोळा करतात, शेकोटीभोवती बसून डबा खातात. अंधार लवकर पडतो म्हणून अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची बंडी असते.

ही पद्धत काही एका दिवसात आली नाही. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाटाऊ नावाच्या बाई आपल्या आणि शेजारच्या मुलांना रोज रानात नेऊ लागल्या. बघता बघता आयांनी मिळून त्याचीच बालवाडी केली. स्वीडनमध्ये १९५७ मध्ये योस्टा फ्रोम यांनी ‘स्कूग्समुल्ले’ नावाचं एक रानातलं गोष्टीतलं पात्र रचलं आणि त्याच्या आधारानं मुलांना झाडं-पाखरं ओळखायला शिकवणारे वर्ग सुरू झाले. पुढं १९८५ मध्ये तिथं पूर्ण वेळ बाहेर चालणारी बालवाडी निघाली. जर्मनीतल्या फ्लेन्सबर्ग गावात १९९३ मध्ये अशा रानातल्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट लंडनची आहे. रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोन बहिणींनी १९१४ मध्ये डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेवरची बालशाळा काढली. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत राहणारी तिथली मुलं मुडदुसानं वाकलेली, सततच्या खोकल्यानं बेजार झालेली असायची. या बहिणींनी त्यांना बाग दिली, अंघोळ दिली, पोटभर जेवण दिलं आणि मोकळी हवा दिली. म्हणजे मुलांना बाहेर ठेवणं ही सुखवस्तू लोकांची हौस म्हणून सुरू झालेली गोष्ट नव्हे. गरिबाच्या लेकराला जगवण्यासाठीही ती सुरू झाली.

आता तुम्ही विचाराल, मुलं गारठत कशी नाहीत? नॉर्वेत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा, की हवा वाईट नसते, वाईट असतात ते कपडे. ही म्हण तिथल्या आया शब्दशः पाळतात.

कपड्यांचे तीन थर असतात. अंगाला लागून पातळ लोकरीचा थर. त्यावर जाड लोकरीचा किंवा तशाच उबदार कापडाचा थर. आणि सर्वांत वर वारा व पाणी आत न येऊ देणारा, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध पोशाख. अंगाला लागून सुती कपडा घालत नाहीत. मूल धावलं की त्याला घाम येतो, सुती कापड तो पिऊन ओलं राहतं आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर दमट झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. शिवाय दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते, तीच खरी रजई. म्हणून एका जाडजूड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घातले तर जास्त ऊब मिळते.

हातमोजा चार बोटांना एकत्र आणि अंगठ्याला वेगळा असा असतो, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट थोडे सैल घेतात. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. गळ्याला लांब मफलर बांधत नाहीत. घसरगुंडीत कुठं अडकला तर फास बसायचा. त्याऐवजी डोक्यातून घालायची लोकरीची पट्टी असते.

मुलाला थंडी वाजते आहे का, हे बघायची त्यांची रीत आपणही शिकण्यासारखी आहे. हात-पाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही. मानेच्या मागं, कपड्याच्या आत हात घालून बघायचं. तिथं कोमट आणि कोरडं लागलं तर मूल ठीक आहे. घाम लागला तर कपडे जास्त झालेत. गार लागलं तर मुलाला आत न्यायचं.

कपडे झाले, पण तेवढ्यानं भागत नाही. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं उघडं जास्त असतं, म्हणून त्याची ऊब मोठ्या माणसापेक्षा लवकर निघून जाते. त्यातही वारा हा मोठा चोर. पारा उणे १० वर असला आणि ताशी २० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे १८ सारखं लागतं. म्हणून तिथंही मर्यादा असतात. अनेक बालवाड्या पारा उणे १० च्या आसपास गेला की अगदी लहानग्यांना आत ठेवतात. मोठ्यांना थोडा वेळच सोडतात, तेही हलतं-फिरतं ठेवून. गालावर किंवा नाकावर पांढरा डाग दिसला तर ती गारठ्यानं कातडी गोठण्याची पहिली खूण, तेव्हा मुलाला लगेच आत घेतात. दम्याच्या मुलाला कोरड्या गार हवेनं धाप लागू शकते, त्याची वेगळी काळजी घेतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणसं. नॉर्वेच्या नियमानुसार तीन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागं आणि तीन वर्षांवरच्या दर सहा मुलांमागं किमान एक मोठं माणूस लागतं. ओले कपडे वाळवायला गरम हवेची कपाटं असतात. प्रत्येक मुलाचा कपड्यांचा दुसरा जोड खुंटीला असतो. हे सगळं मागं उभं असतं, म्हणून पुढं बर्फात खेळणारं मूल हसतमुख दिसतं. पोशाख महाग असतात. मूल दरवर्षी वाढतं, म्हणून एकमेकांचे वापरलेले कपडे घेण्यात तिथं कुणाला कमीपणा वाटत नाही.

फिनलंडमध्ये तर तान्ह्या बाळांना दुपारी बाबागाडीत गुंडाळून अंगणात झोपवतात. उत्तर फिनलंडमधल्या ओऊलू इथल्या संशोधकांनी आईवडिलांना विचारलं, तेव्हा उणे पाच अंश ही अशा झोपेला सर्वांत चांगली हवा, असं पुष्कळांनी सांगितलं. बाळं बाहेर जास्त वेळ झोपतात, असंही ते म्हणाले. बाळ उबदार, हवा गार आणि आईचं लक्ष गाडीवर, असा तो हिशोब आहे.

मग ही मुलं आजारी पडत नाहीत का? पडतात. सर्दी-खोकला त्यांनाही होतो. पण सर्दी होते ती विषाणूमुळं. नुसत्या गार हवेतून सर्दी जन्माला येत नाही. गार हवेनं नाकातली राखण थोडी ढिली पडते, हे खरं. पण विषाणू एकाकडून दुसऱ्याकडं जायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे दारं-खिडक्या लावलेली, माणसांनी भरलेली खोली. थंडीत आपण नेमकं तेच करतो. दार लावतो, सगळे एकाच खोलीत बसतो आणि एकाचा खोकला सगळ्या घराला लागतो.

बाहेरच्या उजेडाचा आणखी एक फायदा चांगल्या अभ्यासातून दिसला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर जादा बाहेर न गेलेल्या मुलांपैकी १०० तल्या साधारण ४० जणांना लांबचं धूसर दिसायला लागलं होतं. बाहेर गेलेल्यांत ते प्रमाण १०० त ३० होतं. चष्मा पुरता टळला नाही, पण फरक पडला.

एक गोष्ट मात्र त्या देशांपेक्षा आपल्याकडं चांगली आहे, ती म्हणजे ऊन. उत्तरेकडचा हिवाळ्यातला सूर्य इतका खाली असतो, की त्या उन्हातून कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयारच होत नाही. मुलं कितीही वेळ बाहेर राहिली तरी ते मिळत नाही. म्हणून नॉर्वेत पिढ्यान् पिढ्या कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्यानं पाजतात. आपल्याला हे ऊन दारात फुकट मिळतं आणि आपण लेकराला त्याच्यापासून लपवून ठेवतो.

मैत्रिणींनो, मुलांची शाळा उघड्यावर भरवणं आपल्याला परकंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथलं. पुढं कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. आज आपल्या अंगणवाड्यांना खोल्या झाल्या, ते चांगलंच झालं. पण नावातलं अंगण विसरायला नको.

आता आपण काय करायचं? निफाडकडं थंडीत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, पण दिवस वर आला की ऊन उबदार असतं. तेव्हा सकाळच्या धुक्यात आणि धुरात न नेता, ऊन वर आल्यावर मुलांना बाहेर सोडा. शहरात तर पहाटे धूर खालीच बसलेला असतो, म्हणून हे आणखी गरजेचं. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ घाला. कानटोपी आणि पायात मोजे असू द्या. घामानं बनियन भिजलं तर लगेच बदला. मूल पोटभर खाऊन बाहेर जाऊ द्या, कारण अंगातली ऊब जेवणातून येते. अंगणवाडीच्या सेविकाताई मुलांना उन्हात बसवून गाणी घेत असतील, तर त्यांना बोल लावू नका. त्या चांगलंच करताहेत.

पण नॉर्वेची नक्कल करायची नाही. आपल्याकडं तसे पोशाख नाहीत आणि दर सहा मुलांमागं एक माणूसही नाही. नवजात बाळाला, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, गारठ्यात न्यायचंच नाही. त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं. जन्मल्याबरोबर अंघोळ घालायची नाही.

आणि थंडीला घाबरून आपण जे करतो, त्याची भीती जास्त बाळगा. बंद खोलीत शेगडी किंवा शेकोटी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात. बाळाला धुरी देऊ नका. चुलीच्या धुरात बाळाला मांडीवर घेऊन बसू नका. लहान मुलांच्या न्यूमोनियाचं हा धूर एक मोठं कारण आहे. म्हणजे गार वाऱ्यापासून वाचवायला आपण त्याला आत घेतो आणि धुराच्या तोंडी देतो.

शेवटी एक गोष्ट पाठच करून ठेवा. मुलाला खोकला असेल तर ते शांत असताना, छाती उघडी करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असला, तर ताबडतोब आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मूल दूध ओढत नसेल, फार सुस्त झालं असेल, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. १०८ ला फोन करा, आशाताईंना हाक मारा.

बाकी धडधाकट मुलाला ऊन वर आल्यावर खेळू द्या. मातीनं हात भरले तर धुता येतात. आज ऐकलेलं शेजारच्या सासूबाईंनाही सांगा, कारण दाराची कडी बहुतेक त्यांच्याच हातात असते.