अवसाद, बालकांतील : पर्यावरणीय घटक

मूल दीर्घकाळ खिन्न वा चिडखोर राहणे, खेळ व सोबती यांतील त्याचे स्वारस्य नाहीसे होणे आणि झोप, भूक व अभ्यास यांत बिघाड होणे, या लक्षणसमूहास बालकांतील अवसाद म्हणतात. मुलास आपले दुःख शब्दांत मांडता येत नाही. त्यामुळे वारंवार पोट दुखणे, शाळा टाळणे इ. लक्षणे पुष्कळदा हट्ट वा आळस समजली जातात व उपचार लांबतो.

आनुवंशिकतेइतकाच परिस्थितीचाही या विकृतीत वाटा असतो. रेने स्पिट्स यांनी १९४६ मध्ये आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलांतील अवसादाचे वर्णन केले. आई लवकर परतल्यास ती मुले सुधारत, असे त्यांना आढळले. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाच्या परिणामांकडे लक्ष वेधले.

मराठवाड्यात हे घटक विशेषत्वाने दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक मुलांनी एका पहाटेत आईवडील, घर व गाव गमावले. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या कोरडवाहू तालुक्यांत आपत्ती अशी एकाएकी येत नाही. पावसाचा लहरीपणा, कर्ज व घरातील ताण यांतून ती हळूहळू साचते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कुटुंबासह स्थलांतर करतात. तेव्हा मुलांची शाळा सुटते किंवा ती आजीआजोबांकडे मागे राहतात. कर्त्या माणसाने आत्महत्या केल्यास वियोगाबरोबर लोकनिंदा व न बोललेले प्रश्नही मुलाच्या वाट्यास येतात. याउलट लातूर व नांदेड या शिकवणीकेंद्रांत घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर स्पर्धा व पालकांच्या अपेक्षा यांचे दडपण असते.

तथापि प्रतिकूल परिस्थितीतील प्रत्येक मूल अवसादग्रस्त होत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेणारी एखादी जिव्हाळ्याची प्रौढ व्यक्ती, नियमित शाळा व दिनक्रम हे घटक संरक्षक ठरतात. पालक गमावलेल्या मुलांना कुटुंबातच वाढविण्यासाठी साहाय्य देणारी राज्याची बालसंगोपन योजना याच तत्त्वाशी सुसंगत आहे. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मोफत मानसिक सल्लाही मिळतो. मूल मरणाची भाषा बोलू लागल्यास ती धमकी न मानता तत्काळ वैद्यकीय साहाय्य घेणे आवश्यक असते.